खाजणावर उतरलेली संध्याकाळ

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या चर्चचे आदरणीय रेव्हरंड पॉमरॉय. व्यासपीठावर विराजमान असलेल्या आणि ज्यांनी हा सगळा घाट घातला त्या ग्रंथालय समितीच्या अध्यक्षा मिसेस कॉर्डीलिया स्पॉफर्ड. दर उन्हाळ्यात न्यूयॉर्कहून येऊन आपलं गाव रंगीबेरंगी करून सोडणाऱ्या चित्रकार मंडळींचे प्रतिनिधी मिस्टर व्हॅन ऑलेन. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत, पण निरोप द्यावा असं आपल्यापैकी एकालाही वाटत नाही, ते आजचे सत्कारमूर्ती मिस्टर एझ्रा हॉलिस्टर. आणि डनिंग नेकच्या माझ्या बंधुभगिनींनो,

ओबेड, तो दिवा आत्ताच लावू नकोस बाबा. मी सांगेन तेव्हा लाव. खिडकीतून अजून पुरेसा उजेड येतोय, आणि माझा चेहरा काय, तुम्ही सगळे रोज बाजारात बघताच.

मला रेव्हरंडांनी चार शब्द बोलायला सांगितलं. मी भाषण करणारी बाई नव्हे. मी घरी चार खोल्या भाड्यानं देते, पाहुण्यांना सकाळी मक्याची भाकरी आणि संध्याकाळी माशांचं दाट सूप, म्हणजे चाउडर, घालते. पण मिस्टर हॉलिस्टर इतकी वर्षं माझ्याच घरी वरच्या पश्चिमेच्या खोलीत राहिले. त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा पहिला मान माझा, असं समितीला वाटलं. मान दिल्याबद्दल मी समितीची ऋणी आहे. समितीला त्याचा पश्चात्ताप झाला तर मी तेही समजून घेईन.

माझ्या पाठीमागे भिंतीवर पडदा टाकलेला तुम्ही पाहताय. पडद्यामागे काय आहे हे वेगळं सांगायला नको. या वाचनालयात जो जो शेकोटीपाशी बसला, त्यानं ते पाहिलंय. मिस्टर हॉलिस्टरांनी गावाला दिलेलं हे एकच चित्र. त्या चित्राचं गेल्या पंधरवड्यात काय झालं, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, आणि ज्यांना माहीत आहे ते सगळे या क्षणी आपापल्या बुटांकडे बघताहेत. मिसेस स्पॉफर्ड, घाबरू नका. मी क्रमानं येते. गुरुवारच्या गाडीनं हा माणूस ओहायोला पुतणीकडे जाणार आहे आणि परत येईलसं वाटत नाही. जाताना आपलं चित्र आपण कुठल्या अवस्थेत सोडून चाललोय हे त्याला कळायला हवं की नको, एवढाच प्रश्न आहे. समितीचं उत्तर एक होतं. माझं दुसरं होतं.

पण आधी माणूस.

मिस्टर हॉलिस्टर आमच्याकडे आले तेव्हा माझे यजमान, कॅप्टन, हयात होते. कॅप्टन ब्रॅमहॉल तुमच्यातल्या तरुणांना आठवणार नाहीत. आवाज असा, की बंदरातून हाक मारली तर माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्या वाजायच्या. आणि हा नवा पाहुणा असा, की जिना चढला की उतरला तेही कळायचं नाही. सामानात एक पेटी, दोन शर्ट आणि कॅनव्हासची गुंडाळी. कॅप्टननी विचारलं, "काय काढता?" हे म्हणाले, "पूर्वी पश्चिमेकडचे डोंगर काढायचो. धबधबे, कडे, गरुड. माणसापेक्षा मोठं असेल ते सगळं."

"मग सोडलंत का? खपत नव्हतं?"

"खपत होतं. पण डोंगर मला बोलूच देत नव्हते."

कॅप्टन माझ्याकडे बघून म्हणाले, "ॲल्माइरा, याचं भाडं महिन्याच्या सुरुवातीलाच घेत जा."

आता तुम्ही म्हणाल, डोंगर सोडून माणूस आपल्या नेकला कशाला येईल? आपल्याकडे आहे काय? खाजण. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल, उरलेल्या वेळी गवत. आपण त्यातून गवत कापतो, गंजी रचतो, डासांना शिव्या देतो आणि पाठ फिरवतो. एवढं दर्शन आपल्याला पुरे. हा माणूस मात्र रोज दिवस कलला की माझ्या ओसरीवर येऊन त्या खाजणाकडे बघत उभा राहायचा. हातात ब्रश नाही, कागद नाही. मला वाटलं, याच्या घरी कुणी वारलं असावं.

मग त्यांनी मला एक काम सांगितलं. म्हणाले, "ब्रॅमहॉलबाई, तुम्ही मटार सोलता सोलता माझ्यासाठी एवढं कराल? मी खाजणाकडे पाठ करतो आणि काय पाहिलं ते बोलून दाखवतो. तुम्ही खाजणाकडे बघत राहा आणि चुकलो तर सांगा." ही त्यांची पद्धत होती. समोर बसून बघून बघून काढायचं नाही. बघायचं, पाठ फिरवायची, बोलून दाखवायचं, आणि सकाळी खोलीचं दार लावून आठवणीतून काढायचं. मला ते पोरखेळासारखं वाटलं, पण मटार सोलताना डोळे तसेही रिकामेच असतात.

पाठ करून ते सुरू करायचे. "डावीकडे गवताची गंजी. गंजीच्या मागे पाणी, शिशाच्या रंगाचं. वर आकाश, त्याच रंगाचं, जरा उबदार. क्षितिजाला धार नाही."

"कुंपण विसरलात," मी म्हणायची.

"विसरलो नाही. सोडलं."

"आणि शेजारच्या टटलची गाय?"

"गाय बघितलीच नाही."

"एवढी मोठी गाय, आणि बघितली नाही?"

"ब्रॅमहॉलबाई, अंधारताना आधी गाय जाते. मग कुंपण जातं. खाजण सगळ्यांत शेवटी जातं. मला शेवटी जातं ते हवंय."

मी टटलला हे सांगितलं. तो म्हणाला, त्याची गाय रोज दूध देते, मिस्टर हॉलिस्टरांचं खाजण काय देतं ते त्यांनी दाखवावं.

त्यांची चित्रं पाहिली की गावाला पहिली शंका यायची ती चष्म्याची. लाल लाल नाही, हिरवं हिरवं नाही, कशालाच कडा नाही. सगळ्यावर एकच तपकिरी-करडी छटा. मी एकदा विचारलं, "तुमच्याकडे दुसरे रंग संपले का?" ते हसले. म्हणाले, "तुम्ही शनिवारी बीन्सच्या मडक्यात काकवी घालता. मग कांदा असो, बीन असो, डुकराचं मांस असो, मडक्यातल्या प्रत्येक गोष्टीला काकवीचा रंग चढतो की नाही? संध्याकाळही तसंच करते." त्या दिवसापासून त्यांचं चित्र मला समजलं असं मी म्हणणार नाही, पण बीन्स शिजवताना मी जरा जास्त लक्ष देऊ लागले.

आपले पोस्टमास्तर एकदा एका चित्रासमोर उभे राहून म्हणाले होते, "छान आहे. धुकं हटलं की पुन्हा बघायला येतो." मिस्टर हॉलिस्टरांनी टोपी काढून सांगितलं, "साहेब, धुकं हटलं की चित्रही हटेल." तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

मग ही नवी मंडळी आली. मिस्टर व्हॅन ऑलेन, तुमच्याबद्दल मला आदर आहे. तुम्ही भर दुपारी किनाऱ्यावर पांढरी छत्री रोवून बसता, उन्हात भाजून निघता आणि गडद निळ्या-जांभळ्या ठिपक्यांनी आमचं सगळं रंगवता. माझ्या कोंबड्यांची सावली जांभळी असते हे मला पन्नाशी उलटल्यावर तुमच्याकडून कळलं. तुमची चित्रं आनंदी आहेत. बोस्टनची माणसंही ती आनंदानं घेतात. मिस्टर हॉलिस्टरांची चित्रं घ्यायला येणारे मात्र हळूहळू यायचे थांबले. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त एकदा, तुमच्या छत्र्या किनाऱ्यावर उघडताना बघून म्हणाले, "ही पोरं फार लवकर उठतात."

आता त्यांचे डोळे. हेही तुम्हाला ठाऊक आहे. मोतीबिंदू आहे, आणि हार्टफर्डच्या डॉक्टरांनी हात टेकले आहेत. मी विचारलं, "काय दिसतं?" तर म्हणाले, "सगळं माझ्या चित्रासारखं दिसतं. देवाला विनोद कळतो." इतकं हलक्यानं म्हणाले की मला उठून स्वयंपाकघरात जावं लागलं.

तर अशा माणसाला निरोप द्यायचा, तो नीटनेटका द्यायचा, असं समितीनं ठरवलं. यात मिसेस स्पॉफर्ड यांचा हेतू सोन्यासारखा होता, हे मी सगळ्यांसमोर सांगते. वाचनालय झाडलं, पुस्तकं पुसली, दारांच्या पितळी मुठी घासल्या. मग समितीच्या भगिनींची नजर शेकोटीवरच्या त्या चित्राकडे गेली. इतक्या वर्षांचा धूर, काजळी. चित्र म्हणजे नुसतं तपकिरी. त्यांना वाटलं, बिचाऱ्यांचं चित्र आपण किती काळवंडू दिलं. आणि कनेक्टिकटच्या बाईला मळलेली वस्तू दिसली की तिचे हात कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. आधी बटाटा कापून चोळला. बटाटे माझ्याच तळघरातून नेले होते, कशासाठी ते मी विचारलं नाही. बटाट्यानं काजळी गेली. पण तपकिरी रंग जाईना. तेव्हा धुण्याच्या सोड्याचं कोमट पाणी केलं.

सोड्यानं तो गेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मिस्टर हॉलिस्टर चित्र काढून झालं की थांबत नाहीत. रोगणात चिमूटभर रंग घालून त्याचा इतका पातळ हात देतात की दिला की नाही ते कळू नये. तो सुकला की दुसरा. मग तिसरा. त्यांची संध्याकाळ, त्यांचं धुकं, त्यांची शांतता, जे काय म्हणाल ते, सगळं त्या थरांत असतं. आपल्या भगिनींनी मळ म्हणून जे बादलीत पिळलं ते चित्रच होतं. आणि त्याखालून काय निघालं? भर उन्हातलं सकाळचं खाजण, पोपटासारखं हिरवं. आणि मधोमध कपडे वाळत घालायची दोरी. दोरीवर एक निळा एप्रन, दोन चादरी, आणि कुणाची तरी लाल फ्लॅनेलची लांब चड्डी.

हसा. मीही तुमच्या जागी असते तर हसले असते. मिसेस स्पॉफर्ड, तुम्ही मला बोलावणं धाडलंत तेव्हा तुमचा चेहरा चादरीपेक्षा पांढरा झाला होता. खोलीत बाकीच्या भगिनी तोंडाला रुमाल लावून उभ्या होत्या. एकीनं विचारलंही, "कुणाची असेल बाई?"

मला विचारायची गरज पडली नाही. त्या चड्डीच्या डाव्या गुडघ्यावर निळं ठिगळ होतं. त्या वर्षी लाल फ्लॅनेल संपलं म्हणून मी निळं लावलं होतं, आणि कॅप्टन म्हणाले होते, "जहाजावर लोक हसतील." मी म्हटलं होतं, "जहाजावर तुमचे गुडघे बघतं कोण?" माझ्या हातचं ठिगळ मी ओळखणार नाही?

धुण्याच्या त्या सोमवारी कॅप्टन घरी होते. त्याच ऑक्टोबरच्या वादळात जहाज बुडालं आणि कॅप्टनांसकट त्यावरची सगळी माणसं गेली. खाजणाच्या कडेची ती दोरी मी नंतर काढून टाकली आणि घरामागे नवी बांधली. इतकी वर्षं मी वाचनालयात येऊन त्या चित्रासमोर बसत होते आणि त्यात माझी दोरी आहे हे मला माहीत नव्हतं.

त्या दुपारी समितीची बैठक भरली. मिस्टर व्हॅन ऑलेन येऊन चित्र बघून गेले आणि म्हणाले, हे म्हाताऱ्याचं सगळ्यांत उत्तम काम आहे, मुळात हा आमच्यातलाच. त्यांना खरंच आनंद झाला होता. पण बाकीच्यांसमोर प्रश्न होता की मिस्टर हॉलिस्टरांना सांगायचं काय. मग एकीनं, नाव कशाला घेऊ, हळूच म्हटलं, "त्यांना दिसतंय कुठं?"

वाक्य दुष्टपणाचं नव्हतं. दयेचंच होतं. म्हाताऱ्या माणसाला जाता जाता दुःख कशाला? मानपत्र वाचू, केक कापू, चित्रावरून पडदा सरकवू, टाळ्या वाजवू. ते टाळ्यांच्या दिशेला बघून मान लववतील, आणि गाडीत बसतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठराव झाला. मलाही गप्प राहायला सांगितलं गेलं, आणि मी घरी आले.

मला सांगा, ज्या माणसानं आयुष्यभर आपल्याला सांगितलं की नीट बघा, त्याला दिसत नाही याचा आपण असा फायदा घ्यायचा? घरी पोचेपर्यंतच मला कळलं की हे मला जमणार नाही, आणि घरी ते ओसरीवर बसलेच होते.

मिसेस स्पॉफर्ड, बसा. पाणी घ्या. हो, मी त्यांना सांगितलं. त्याच दिवशी. आज ते इथे सगळं जाणून बसले आहेत, आणि तुमच्याशी किती गोड बोलत आहेत ते बघा.

मी शेंगा सोलत होते. सरळ म्हटलं, "तुमचं चित्र बायकांनी धुतलं."

त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाले, "कशानं?"

"बटाट्यानं. मग सोड्यानं."

"बटाट्यानं नसतं गेलं."

"सोड्यानं गेलं."

"सगळं?"

"ठिगळापर्यंत."

त्यांनी डोळे मिटले, जणू दिसत असल्यासारखे. "निळं दिसतंय?"

"निळं दिसतंय," मी म्हटलं. "तुम्ही चित्रात माझं धुणं काढलंत आणि मला सांगितलं नाहीत?"

मग ते बोलले. मी त्यांचेच शब्द सांगते, कारण माझ्याकडे यापेक्षा चांगले नाहीत. म्हणाले, "तो सोमवार मला आवडला होता, म्हणून होता तसा काढला. मग बातमी आली. तुम्ही दोरी काढलीत. चित्र माझ्या खोलीत तसंच उभं होतं, त्यातले कपडे वाळत होते. सुरी घेऊन खरवडावं असं वाटलं, हात धजला नाही. म्हणून त्या हिवाळ्यात एकेक थर देत गेलो. मी ते पुसलं नाही, ब्रॅमहॉलबाई. त्यावर संध्याकाळ होऊ दिली."

आमच्या शेंगा त्या दिवशी तशाच राहिल्या.

नंतर तेच म्हणाले, "आता उघडं पडलंय तर राहू दे तसं. दोरी तुमची आहे. तुम्ही म्हणाल ते." आणि इथे मी तुम्हाला खरं सांगते. ते चित्र तसंच राहावं असं मला वाटलं. का वाटू नये? माझ्या नवऱ्याचा एकही फोटो माझ्याकडे नाही. निदान त्याची चड्डी तरी वाऱ्यावर हलताना दिसत होती.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी इथे येऊन बसले. शेकोटीपाशी, नेहमीच्या खुर्चीत. लोक येत होते, बघत होते, हसत होते, जात होते. कुणी बसत नव्हतं. मीही बघत होते. एप्रनचा काठ उसवलाय. चादरींना नीळ जास्त झालीय. फ्लॅनेल आटलंय. इतकं स्पष्ट दिसत होतं की मी मनातल्या मनात पुन्हा धुणंच धुवायला लागले. पूर्वी याच खुर्चीत बसलं की छातीवरचं काहीतरी हलकं व्हायचं, आणि का ते कळायचं नाही. आता सगळे कपडे दिसत होते, आणि कॅप्टन कुठेच दिसत नव्हते. पूर्वी त्या धुक्यात काहीच दिसत नव्हतं, आणि ते होते.

घरी जाऊन मी म्हटलं, "हॉलिस्टर, संध्याकाळ परत घाला."

ते म्हणाले, "माझ्या हाताला आता थर कळत नाही." मिस्टर व्हॅन ऑलेन, तुम्ही मोठ्या मनानं पुढे झालात, मी देतो म्हणालात. तेव्हा हे काय म्हणाले ते तुम्हाला आठवतंय. "आपला हात फार आनंदी आहे." राग मानू नका. त्यांनी ते प्रमाणपत्र म्हणूनच दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही द्यायचा."

मी आयुष्यात ब्रशनं फक्त पावाला लोणी लावलंय. तरी रेव्हरंडांनी वाचनालयाची किल्ली दिली, कुणाला न सांगता. रेव्हरंड, आता सगळ्यांना कळलं, तर कळू दे. दिवस कलताना आम्ही दोघं इथे यायचो. ते या खुर्चीत बसायचे. मला त्या खिडकीशी उभं करायचे. म्हणायचे, "खाजणाकडे बघा. पुरेसं बघा. आता पाठ करा आणि सांगा."

इतकी वर्षं मी चुका काढल्या होत्या. आता माझी पाळी.

"डावीकडे गंजी," मी म्हटलं. "मागे पाणी. कुंपण. टटलची गाय."

"गाय बघितलीत?"

"मी गाय नेहमीच बघते."

"पुन्हा बघा," ते म्हणाले. "गाय जाईपर्यंत बघा."

मग रोगणात चिमूटभर तपकिरी, रुंद ब्रश, पातळ हात, आणि जिथे जास्त झालं तिथे तळहातानं टिपून घ्यायचं. एक थर सुकेपर्यंत थांबायचं. पुन्हा यायचं. मी घाई केली की त्यांना ब्रशच्या आवाजावरून कळायचं. म्हणायचे, "सावकाश. संध्याकाळ कधी घाई करते?" हिरवं उतरलं. चादरी विरल्या. एप्रन गेला. शेवटी ते लाल आणि त्यावरचं निळं तेवढं उरलं. तिथे माझा हात थांबला. त्यांना कसं कळलं कोण जाणे. विचारलं, "ठिगळावर आलात?"

"आले."

त्यांनी दे म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. खुर्चीत बसून राहिले. खिडकीबाहेर खरोखरच अंधारत होतं. मला कुणी घाई केली नाही, म्हणून मला जमलं.

"आता दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पण आहे ना?"

मी म्हटलं, "आहे."

बंधुभगिनींनो, मी फार बोलले. समितीच्या भगिनींसाठी मिस्टर हॉलिस्टरांचा एक निरोप आहे, तो देते आणि संपवते. ते म्हणाले, "मिसेस स्पॉफर्डना सांगा, इतक्या वर्षांत माझं चित्र इतक्या जवळून, इतका वेळ, दुसऱ्या कुणीच पाहिलं नाही. आणि चौकट फार छान निघालीय." मिसेस स्पॉफर्ड, रडू नका. तुमच्या हातचा केक अजून कापायचाय.

हॉलिस्टर, मला तुम्हाला जे सांगायचंय ते सगळ्यांसमोर सांगते. ओहायोत खाजण नाही असं ऐकते. तिथे काय अंधारतं ते तुमचं तुम्ही बघून घ्याल. मी इथे रोज ओसरीवर उभी राहीन, बघीन, आणि पाठ करून मोठ्यानं बोलून दाखवीन. पाठ केली की समोर तुमची खुर्ची येते. मला तुमची फार आठवण येणार आहे. हे असं उघडं बोलते, कारण त्यावर थर द्यायला माझ्याकडे रोगण उरलेलं नाही, सगळं चित्रावर संपलं.

अध्यक्ष महाराजांचे मी आभार मानते, त्यांनी मला बोलू दिलं आणि किल्लीही दिली. समितीचे आभार मानते, त्यांनी घासलं नसतं तर मला कधीच काही कळलं नसतं. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आपलेही आभार. बोलण्यात कुणाला बोचलं असेल, तर म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून द्या. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात धुकं जरा दाट झालंय, तो हात माझा आहे, त्याचीही क्षमा असावी. आणि रोगण अजून ओलसर आहे, कृपा करून कुणी बोट लावू नये. पुसायला तर मुळीच जाऊ नये.

ओबेड, पडदा सरकव. दिवा नको लावूस, राहू दे.

हॉलिस्टर, चित्र माझ्या मागे आहे आणि माझी त्याच्याकडे पाठ आहे. सांगते, चुकले तर थांबवा. डावीकडे गंजी आहे. गंजीच्या मागे पाणी, शिशाच्या रंगाचं. वर आकाश, त्याच रंगाचं, जरा उबदार. क्षितिजाला धार नाही. कुंपण सोडलं. गाय बघितलीच नाही.

बाकी सगळं आहे.